वसतिगृहाचे छत, विजेचे देयक आणि कायदा

वसतिगृह अधीक्षक म्हणून काढलेल्या वर्षांतील एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. एप्रिल महिना, वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली, आणि रात्रीचे दहा वाजले तरी वरच्या मजल्यावरील खोल्यांत कोणी पाठ टेकायला तयार नसे. मुले सतरंज्या काखोटीला मारून व्हरांड्यात येत आणि तिथल्या एकाच दिव्याखाली दाटीवाटीने बसून गणिते सोडवीत. खोल्यांतील पंखे मात्र रिकाम्या खाटांवर पूर्ण वेगाने फिरत राहत. महिनाअखेरीस विजेचे देयक आले की कार्यालयात चर्चा व्हायची ती मुलांच्या निष्काळजीपणाची. 'पंखे बंद करण्याची सवय लावून घ्या' अशी सूचना मी स्वतः फलकावर लिहिली आहे. दोष मुलांचा नव्हता, छताचा होता, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

आज आपल्या संस्थेत नव्या वसतिगृहाचा आणि सभागृहाचा विचार सुरू आहे. माजी विद्यार्थी पगारातून रक्कम बाजूला काढत आहेत, पालक आपापल्या परीने हातभार लावत आहेत. अशा वेळी इमारत कशी दिसेल यावर भरपूर बोलले जाते. ती पुढील पन्नास वर्षे किती वीज खाईल यावर कोणी बोलत नाही. या विषयावर देशात कायदा आहे, संहिता आहे, आणि तिची पूर्तता करणे ठरावीक मर्यादेपुढे बंधनकारक ठरते. मी अभियंता नाही, इतिहासाचा शिक्षक आहे. परंतु बांधकाम समितीत बसावे लागल्यामुळे जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते सोप्या शब्दांत आपल्यापुढे ठेवीत आहे.

कायद्याची पूर्वपीठिका

विजेचा प्रश्न हा आपल्याकडे केवळ तांत्रिक प्रश्न कधीच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या खात्याकडे कामगार कायद्यांबरोबरच सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या सार्वजनिक बांधकाम व विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मांडलेला विचार असा होता की, औद्योगिकीकरणावाचून या देशातील दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण होणार नाही. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले, तेही याच खात्याच्या कारकिर्दीत. पुढे राज्यघटनेत वीज हा विषय समवर्ती सूचीत, ३८ व्या नोंदीत आला. म्हणजे त्यावर केंद्रानेही कायदा करावा आणि राज्यांनीही, अशी व्यवस्था झाली.

ही घटनात्मक रचना लक्षात ठेवली तर आजचा कायदा समजणे सोपे जाते. संसदेने ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ साली केला आणि १ मार्च २००२ पासून तो अमलात आला. त्याच दिवशी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अधीन ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही संस्था उभी राहिली. फ्रिज वा वातानुकूलन यंत्रावर आपण जे तारे पाहतो, ते याच ब्युरोचे. इमारतींसाठी मे २००७ मध्ये 'ऊर्जा संवर्धन इमारत संहिता' आली आणि जून २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. संहिता केंद्राची असली तरी आपल्या हवामानानुसार तीत फेरफार करून ती अधिसूचित करण्याचा अधिकार राज्यांचा आहे. आणि नकाशे मंजूर करण्याचे काम नगरपालिका, महानगरपालिका वा अन्य नियोजन प्राधिकरणाचे. महाराष्ट्रात या कायद्याखालील नियुक्त संस्था म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, जिला आपण 'महाऊर्जा' या नावाने ओळखतो.

'वाणिज्यिक' या शब्दाने फसू नये

समितीत पहिलाच आक्षेप आला तो असा : "सर, आपण दुकान थोडेच चालवतो? हा कायदा वाणिज्यिक इमारतींसाठी आहे." आक्षेप साहजिक आहे, पण बरोबर नाही. संहितेने इमारतींचे जे वर्ग केले आहेत त्यांत आतिथ्य, आरोग्यसेवा, बाजारसंकुल, व्यवसाय व कार्यालये आणि सभागृहे यांच्याबरोबर शैक्षणिक इमारतींचाही स्पष्ट समावेश आहे. संस्था नफा कमावते की नाही हा येथे प्रश्नच नाही. आणि निवासी इमारती म्हणून कोणी अंग काढून घेऊ पाहील, तर २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली, निवासी इमारतींनाही या कायद्याच्या कक्षेत आणले आहे. आपल्या नव्या इमारतीत सभागृह आणि वसतिगृह दोन्ही असल्याने कोणता भाग कोणत्या वर्गात मोडतो, हे वास्तुविशारदाने सुरुवातीलाच लेखी नोंदवले पाहिजे.

कायदा लागू होण्याची मोजपट्टी विजेच्या भाराची आहे. मूळ अधिनियमात ही मर्यादा ५०० किलोवॅट जोडभार किंवा ६०० केव्हीए करार मागणी अशी होती. २०१० च्या दुरुस्तीने ती १०० किलोवॅट किंवा १२० केव्हीए इतकी खाली आणली. २०२२ च्या दुरुस्तीनुसार राज्य सरकार ती आणखीही खाली आणू शकते. जोडभार म्हणजे इमारतीत बसवलेल्या सर्व विद्युत उपकरणांच्या क्षमतेची बेरीज. करार मागणी म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती भार घेऊ, याविषयी वीज कंपनीशी केलेला करार. तो आकडा देयकावर छापलेला असतो.

शंभर किलोवॅट हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. तो किती जवळ आहे ते एका काल्पनिक इमारतीच्या हिशोबाने पाहू. ७५ वॅटचे १०० पंखे म्हणजे साडेसात किलोवॅट. २० वॅटचे २०० दिवे म्हणजे ४. तीस संगणक प्रत्येकी १५० वॅट धरले तर साडेचार. दोन किलोवॅटचे दहा गिझर म्हणजे २०. पाच अश्वशक्तीचे दोन पंप म्हणजे साडेसात. येथवर बेरीज झाली साडेत्रेचाळीस. आता सभागृहात दीड टनाची वीस वातानुकूलन यंत्रे बसवली तर सुमारे ३२ किलोवॅट वाढले. उद्वाहनाचे साडेसात आणि प्रयोगशाळा, स्वयंपाकघरातील यंत्रे, पाणी थंड करणारी यंत्रे यांचे वीसेक. एकूण १०३. म्हणजे आपल्यासारखी संस्था एक सभागृह वातानुकूलित करायला निघाली की कायद्याच्या उंबरठ्यावर पोहोचते. जुन्या इमारतीला जोडून बांधकाम केल्याने हा आकडा ओलांडला जात असेल, तर त्या विस्तारालाही संहितेचा विचार करावा लागतो.

संहिता नेमके काय मागते?

संहितेची चार मुख्य अंगे आहेत. पहिले अंग इमारतीच्या कवचाचे, म्हणजे भिंती, छत, खिडक्या आणि काच यांचे. दुसरे हवा खेळती ठेवणाऱ्या व थंड करणाऱ्या यंत्रणेचे. तिसरे प्रकाशाचे. चौथे विद्युत यंत्रणा आणि अक्षय ऊर्जेचे, ज्यात रोहित्र, पंप, मीटर आणि छताचा काही भाग सौर ऊर्जेसाठी राखून ठेवणे या गोष्टी येतात.

यांतील कवच सर्वांत महत्त्वाचे, कारण यंत्र पुढे बदलता येते, भिंत बदलता येत नाही. संहितेने देशाचे पाच हवामान विभाग मानले आहेत : उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड. मुंबई उष्ण-दमट विभागात येते, नागपूर संमिश्र विभागात. म्हणून मुंबईतील नकाशा उचलून विदर्भात बांधणे योग्य नव्हे. प्रत्येक विभागात भिंतीतून आणि छतातून किती उष्णता आत येऊ द्यावी याची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. दहा हजार चौरस मीटरपेक्षा लहान शाळांसाठी ती काहीशी सैल आहे.

येथे माझ्या व्हरांड्यातील मुलांचे उत्तर सापडते. काँक्रीटचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो. ही उष्णता स्लॅबच्या जाडीतून खाली उतरायला कित्येक तास लागतात, त्यामुळे सूर्य मावळल्यावर तो खालच्या खोलीत उष्णता सोडू लागतो. वर्गखोली तोपर्यंत रिकामी झालेली असते. वसतिगृहाची खोली मात्र त्याच वेळी भरते. पंखा हवा हलवतो, थंड करीत नाही. तापलेल्या छताखाली तो गरम हवाच अंगावर फेकतो. उपाय छतावरच करावा लागतो. स्लॅबवर उष्णतारोधक थर द्यावा आणि वरचा पृष्ठभाग पांढरा ठेवावा. संहितेनुसार सपाट छत किमान ६० टक्के सौर किरण परावर्तित करणारे असावे, अथवा त्यावर सौर पट्ट्या वा हिरवळ असावी. आपल्याकडे गच्चीवर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे जे चायना मोझॅक करतात किंवा उन्हाळ्याआधी चुन्याचा हात मारतात, त्यामागे हेच शास्त्र आहे.

खिडक्यांविषयी संहिता म्हणते की, बाहेरील भिंतीच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४० टक्क्यांहून अधिक भाग काचेचा नसावा. आजकाल पुढच्या बाजूला अखंड काच लावण्याची हौस वाढली आहे. माझ्या परिचयाच्या एका संस्थेने पश्चिमेला तोंड असलेले असे काचेचे सभागृह बांधले. दुपारनंतर तेथे कार्यक्रम घेता येत नाही, पडदे ओढून दिवे लावावे लागतात आणि यंत्रे चालू ठेवावी लागतात. दक्षिणेचे ऊन वरून येते, ते छज्जाने अडते. पश्चिमेचे ऊन आडवे येते, त्याला छज्जा पुरत नाही. उभे आडोसे, जाळी वा झाडे लागतात. उत्तरेचा उजेड मात्र दिवसभर सौम्य असतो. अभ्यासिका उत्तरेकडे आणि जिने, भांडारगृहे पश्चिमेकडे ठेवणे याला एक पैसाही जास्त लागत नाही. नकाशावर पेन्सिल फिरते तेव्हाच ते ठरवावे लागते.

पूर्ततेचे मार्ग

संहितेची पूर्तता दोन प्रकारे दाखवता येते. पहिला मार्ग नियमवार : छत, भिंत, काच, दिवे, यंत्रे यांपैकी प्रत्येकासाठी दिलेली मर्यादा स्वतंत्रपणे पाळणे. लहान संस्थांना हा सोपा जातो. कवचापुरती एक सवलत अशी की, एका घटकात थोडे कमी पडल्यास दुसऱ्यात भरून काढता येते. दुसरा मार्ग संपूर्ण इमारतीच्या कामगिरीचा. यात संगणकावर इमारतीची प्रतिकृती करून तिचा वार्षिक वीजवापर काढतात आणि नियमवार मर्यादा पाळणाऱ्या तशाच इमारतीशी त्याची तुलना करतात. आपल्या इमारतीचा वापर त्याहून जास्त नसला पाहिजे.

या तुलनेचे एकक कोणालाही समजेल असे आहे : दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट. दोन हजार चौरस मीटरच्या इमारतीत वर्षाला ६०,००० युनिट वीज लागत असेल, तर तिचा निर्देशांक ३०. वर्षभराची देयके आणि इमारतीचे क्षेत्रफळ हाती असेल तर नववीचा विद्यार्थीही हे गणित करील. माझ्या मते तो प्रकल्प म्हणून त्याला द्यावाच.

पूर्ततेच्या तीन पायऱ्या संहितेने मानल्या आहेत. मूळ पायरी गाठणाऱ्या इमारतीत नेहमीच्या बांधकामाच्या तुलनेत किमान २५ टक्के वीज वाचावी अशी अपेक्षा आहे. त्यापुढील दोन पायऱ्यांवर हे प्रमाण ३५ आणि ५० टक्के आहे. कायदा फक्त मूळ पायरी मागतो. वरच्या दोन ऐच्छिक आहेत.

आता प्रत्यक्ष कार्यपद्धती. वास्तुविशारद नेमतानाच करारपत्रात संहितेची पूर्तता ही त्याची जबाबदारी म्हणून लिहून घ्यावी. नकाशा सादर करण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाकडे व महाऊर्जेकडे लेखी विचारणा करून आपल्या ठिकाणी कोणती अधिसूचना व कोणती मर्यादा लागू आहे याचे उत्तर संचिकेत ठेवावे. बांधकाम सुरू असताना उष्णतारोधक थर खरोखर घातला गेला का, हे कोणीतरी उभे राहून पाहावे आणि छायाचित्र काढून ठेवावे, कारण स्लॅबवर गिलावा झाला की आत काय आहे ते दिसत नाही. काच, पंखे, दिवे यांची खरेदीपत्रे व तांत्रिक तपशील जपावेत. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी हीच कागदपत्रे कामी येतात. संहितेचे पालन करण्याचा निर्देश असूनही ते न केल्यास अधिनियमात प्रत्येक चुकीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कागदावरचा भार आणि खरा भार

एका बैठकीत एका हितचिंतकाने सुचवले, "सर, १०३ ऐवजी ९५ लिहू. कटकट मिटेल." त्यांचा हेतू वाईट नव्हता, संस्थेचे पैसे वाचावेत एवढाच होता. मी त्यांना विचारले, आकडा ९५ लिहिल्याने छत थंड होईल का? कागदावर भार कमी दाखवला तरी मीटर खरा भार नोंदवतो, करार मागणी ओलांडली की देयकात जादा आकार येतो, आणि फसवणूक आपल्याच मुलांना शिकवल्यासारखी होते.

भार खरोखर कमी करता येतो. वरील हिशोबातील साधे पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी पंखे घेतले तर साडेचार किलोवॅट कमी झाले. छतावर सौर जलतापक बसवून ढगाळ दिवसांसाठी दोनच गिझर ठेवले तर १६ कमी. सभागृहाचे छत आणि खिडक्या नीट केल्यामुळे वीसऐवजी दहा यंत्रांत भागले तर आणखी १६. एकूण भार १०३ वरून साडेसहासष्टवर आला. तोही खोटे न लिहिता. मग कायदा सक्तीने लागू झाला नाही तरी त्याचा हेतू साधला गेला.

जुन्या इमारतीतही हे करता येते. छतावरील पंख्यांना तारांकन लावणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे, त्यामुळे दुकानात तुलना करणे सोपे आहे. शंभर पंखे रोज दहा तास आणि वर्षातून २५० दिवस चालतात असे धरू. प्रत्येक पंख्यामागे ४५ वॅट वाचले, तर वर्षाला ११,२५० युनिट वाचतात. युनिटचा दर दहा रुपये धरला तर १,१२,५०० रुपये. नव्या पंख्याला साध्यापेक्षा दीड हजार रुपये जास्त पडले, तरी दीड लाखाचा हा जादा खर्च सुमारे सोळा महिन्यांत भरून निघतो. त्यानंतरचे दरवर्षीचे लाखभर रुपये ग्रंथालयाला, दुधाला, अंड्यांना वापरता येतील.

हिशोबाची दुसरी बाजू

देणगीतून इमारत उभी राहते. देयक मात्र दरमहा येते आणि त्यासाठी कोणी देणगी देत नाही. ते मुलांच्या अन्नातून आणि पुस्तकांतूनच वजा होते. बांधकामाच्या अंदाजपत्रकात उष्णतारोधक थराची ओळ काटून दोन-तीन लाख वाचवणारी समिती हे वजाबाकीचे गणित पुढच्या दोन पिढ्यांच्या माथी मारते. शिवाय आपण वाया घालवलेली वीज कुठून तरी येते. कोयनेच्या पाण्याखाली कोणाची तरी शेते गेली, चंद्रपूरच्या कोळशाची राख कोणाच्या तरी अंगणात पडते. ज्या समाजाने दुसऱ्यांच्या सुखसोयींचा भार शतकानुशतके वाहिला, त्या समाजाच्या संस्थेने विजेच्या उधळपट्टीकडे निर्विकारपणे पाहू नये, असे मला वाटते. स्वस्त आणि मुबलक वीज गरिबाच्या उद्धारासाठी हवी होती. ती तापलेल्या छताखाली रिकाम्या खाटांना वारा घालण्यात संपू नये.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. तुमच्यापैकी कित्येक जण आज अभियंते आहेत, वीज कंपनीत आहेत, नगररचना कार्यालयात आहेत. देणगीच्या पावतीबरोबर आम्हाला तुमचे काही तासही द्या. नकाशा टेबलावर असेपर्यंत तो पाहा आणि तीन प्रश्न विचारा : छतावर कोणता थर आहे, पश्चिमेला काय आहे, आणि दर चौरस मीटरला वर्षाला किती युनिट लागतील? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर नव्या वसतिगृहातील मुलांना परीक्षेच्या रात्री सतरंजी उचलून व्हरांड्यात यावे लागणार नाही.